‘तर’चं इंग्रजी ‘देन’ नव्हे

साताऱ्याचं राज्य 1848 मध्ये खालसा झालं, तर सांगलीचं संस्थान 1948 पर्यंत टिकलं.

इतिहासाच्या पुस्तकात सहज खपून जाईल असं हे वाक्य. नववी-दहावीच्या मुलांना ते इंग्रजीत करायला सांगितलं, तर संस्थान, खालसा हे अवघड शब्द ती कोशातून शोधून काढतील. अडतील ती ‘तर’पाशी. कुणी ‘देन’ लिहील, कुणी ‘सो’, आणि उरलेली ‘बट’ लिहून मोकळी होतील. ‘देन’ घातलं की आधी सातारा गेलं आणि मग सांगली टिकली, असा काहीतरी अर्थ होतो. ‘सो’ घातलं तर सातारा गेलं म्हणून सांगली टिकली, असा नवाच इतिहास तयार होतो. ‘बट’ चूक नाही; पण सांगली टिकल्याचं नवल वाटतंय, असा हलका सूर त्यात येतो. मूळ मराठी वाक्यात नवल नाही. दोन हकिगती शेजारी-शेजारी ठेवल्या आहेत, एवढंच. अशा वेळी इंग्रजीत ‘व्हेअरॲज’ किंवा ‘व्हाइल’ येतं: ‘सातारा वॉज ॲनेक्स्ड इन 1848, व्हेअरॲज सांगली रिमेन्ड अ प्रिन्सली स्टेट अन्टिल 1948.’

गाइडांमध्ये याची एक यादी असते. बट, येट, स्टिल, हाऊएव्हर, नेव्हरदलेस, ऑल्दो, आणि सगळ्यांसमोर एकच अर्थ: पण, तरी. यादी पाठ होते आणि वाक्य बिघडतं, कारण यातला प्रत्येक शब्द वाक्यात वेगळ्या जागी बसतो आणि वेगळं काम करतो. गंमत अशी की ही वेगवेगळी कामं मराठीतही वेगवेगळ्या शब्दांनीच होतात आणि बोलताना आपण त्यांत कधी चुकत नाही. म्हणून इंग्रजी शब्दाचा अर्थ शोधण्याआधी आपल्या वाक्यात विरोध कोणत्या जातीचा आहे ते पाहावं.

ढोबळ मानाने तीन जाती. पहिली नुसत्या फरकाची: इकडे हे, तर तिकडे ते. साताऱ्याचे कंदी पेढे, तर सांगलीची भडंग. दुसरी अपेक्षाभंगाची: असं असलं, तरी तसं झालं. तिसरी दुरुस्तीची: हे नव्हे, तर ते. रयत शिक्षण संस्था सुरू झाली ती साताऱ्यात नव्हे, तर कराडजवळच्या काले गावात, 1919 मध्ये. संस्थेचा मुक्काम साताऱ्याला आला तो 1924 मध्ये. हे इंग्रजीत ‘नॉट इन सातारा बट इन काले’ असं होतं. इथे ‘बट’च हवा. ‘व्हेअरॲज’ नाही, ‘हाऊएव्हर’ तर मुळीच नाही. एकट्या ‘बट’ला तिन्ही जातींत वावरता येतं. म्हणून अडलं की ‘बट’ वापरायला हरकत नाही. वाक्याची सुरुवात ‘बट’ने करू नये, हा नियमही शाळेबाहेर फारसा कुणी पाळत नाही, चांगले इंग्रजी लेखक सर्रास तशी सुरुवात करतात.

कोणत्या जातीचा शब्द घ्यायचा, हे पुष्कळदा वाचकाला आधी काय माहीत आहे त्यावर ठरतं. महाबळेश्वरला वर्षाला सुमारे 5500 मिलिमीटर पाऊस पडतो, माण तालुक्यात 500च्या आसपास. सह्याद्री ओलांडून आलेले ढग पूर्वेला जाईपर्यंत रिते होतात, हे ज्याला ठाऊक आहे त्याच्यासाठी हा नुसता फरक आहे, त्याला ‘व्हाइल’ पुरे. पण दोन्ही ठिकाणं एकाच सातारा जिल्ह्यात आहेत हे ऐकून चकित होणारा परगावचा वाचक समोर असेल, तर तेच आकडे अपेक्षाभंग होतात, आणि ‘ऑल्दो दे आर इन द सेम डिस्ट्रिक्ट’ अशी सुरुवात शोभते.

आता दुसरी जात, कारण खरी गफलत इथेच होते.

‘ऑल्दो ही वॉज पुअर, बट ही वॉज ऑनेस्ट.’ हे वाक्य महाराष्ट्रातल्या कुठल्याही वर्गात सापडतं. इंग्रजीच्या शिक्षकांनी त्यावर लाल शाई ओतली आहे, तरी ते मरत नाही. त्याचं मूळ आळसात नाही, आपल्या जोडशब्दात आहे. मराठीत ‘जरी’ आलं की ‘तरी’ यावंच लागतं. ‘जरी तो गरीब होता, तो प्रामाणिक होता’ हे मराठी कानाला लंगडं लागतं. उलट ‘जरी’ गाळून ‘तो गरीब होता, तरी प्रामाणिक होता’ म्हटलं तर चालतं. म्हणजे मराठीचा भर दुसऱ्या टोकावर आहे. ‘तरी’ सोडता येत नाही. इंग्रजीला एकच खूण पुरते, मग ती पहिल्या टोकाला असो की मधे. ‘ऑल्दो ही वॉज पुअर, ही वॉज ऑनेस्ट’ किंवा ‘ही वॉज पुअर, बट ही वॉज ऑनेस्ट’. मधल्या स्वल्पविरामानंतर काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं, ती आपल्या ‘तरी’ची आठवण असते. ती दाबावी लागते.

यात जुन्या पुस्तकांचाही हात आहे. जुन्या इंग्रजीत ‘दो’ने सुरू झालेल्या वाक्यात पुढे ‘येट’ घालण्याची रीत होती, आणि आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या वापरल्या गेलेल्या रेन आणि मार्टिन यांच्या व्याकरणात ‘दो-येट’ ही जोडी दिलेली आहे. जरी-तरीच्या मापाला ती इतकी चपखल बसली की आपल्या शिक्षकांनी ती मनापासून शिकवली. ती चूक नव्हे. आज जुनाट वाटते इतकंच. ‘ऑल्दो-बट’ मात्र तेव्हाही चूक होतं आणि आजही आहे.

शाळेत आपण उभयान्वयी अव्ययांचे प्रकार पाठ करतो. ‘पण, परंतु, बाकी’ हे न्यूनत्वबोधक, आणि ते प्रधानत्वसूचकात मोडतात. ‘जर-तर, जरी-तरी’ हे संकेतबोधक, आणि ते गौणत्वसूचकात. परीक्षेनंतर ही नावं आठवत नाहीत, आठवायचं कारणही नाही. पण त्यातला एक भेद इंग्रजीत फार कामाचा आहे. ‘पण’ दोन बरोबरीची वाक्यं जोडतो. ‘जरी’ एका वाक्याला दुसऱ्याच्या हाताखाली देतो. ‘बट’ आणि ‘ऑल्दो’ यांतला फरक नेमका हाच आहे, आणि त्यातून एक अशी गोष्ट निघते जी गाइडात कधी नसते: वजन कुठे पडतं.

विश्रामबागेत भाड्याची खोली बघायला गेलात, तर घरमालक म्हणेल, ‘खोली लहान आहे, पण स्वच्छ आहे.’ घरी येऊन तुम्ही म्हणाल, ‘खोली स्वच्छ आहे, पण लहान आहे.’ माहिती तीच, निर्णय उलटा. ‘पण’च्या पुढे येतं ते खरं म्हणणं. ‘बट’चंही तसंच. ‘ऑल्दो’ मात्र उलट्या बाजूने काम करतो. तो ज्या तुकड्याला चिकटतो त्याचं वजन काढून घेतो. ‘ऑल्दो द रूम इज स्मॉल, इट इज क्लीन’ हे घरमालकाचं इंग्रजी झालं. ‘ऑल्दो द रूम इज क्लीन, इट इज स्मॉल’ हे भाडेकरूचं. मुलाखतीत किंवा नोकरीच्या अर्जात हे उलटं पडलं, तर माणूस व्याकरणाने बरोबर राहून स्वतःचं नुकसान करून घेतो. ‘आय हॅव फाइव्ह इयर्स ऑफ एक्स्पिरियन्स, ऑल्दो आय डोन्ट नो टॅली’ या वाक्यात टॅली हाताखाली जातं आणि अनुभव वर राहतो. त्याच जागी ‘बट’ घातला की साहेबाच्या मनात फक्त टॅली उरतं.

रयतचे संस्थापक भाऊराव पाटील स्वतः मॅट्रिकही झाले नव्हते, तरी त्यांनी महाराष्ट्रभर शाळांचं जाळं विणलं. हे वाक्य कुणी लिहिलं तरी वजन शाळांवरच पडायला हवं. मग ‘ऑल्दो’ कुठे लावायचा हे विचारावं लागत नाही; तो मॅट्रिकच्या तुकड्याला लागतो. तो तुकडा आधी ठेवला तर मधे स्वल्पविराम येतो, नंतर ठेवला तर कित्येकदा येत नाही. शाळेत ‘डू ॲज डायरेक्टेड’मध्ये ‘ऑल्दो वापरून वाक्य पुन्हा लिहा’ असं असतं आणि मुलं डोळे मिटून पहिल्या तुकड्याला ‘ऑल्दो’ लावतात. गुण मिळतात. मूळ वाक्यात ‘बट’ असेल तर पहिला तुकडाच हलका असतो, म्हणून हे योगायोगाने बरोबर येतं.

आता जरी-तरीतली एक बारीक गाठ. इर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी 45 फूट धरतात. ऑगस्ट 2019 च्या महापुरात पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. सांगलीतल्या एखाद्या दुकानदाराची ही दोन वाक्यं बघा. ‘पाणी 45 फुटांवर गेलं तरी दुकान उघडं ठेवू.’ ‘पाणी 45 फुटांवर गेलं तरी दुकान उघडं ठेवलं.’ पहिला अर्धा भाग अक्षरशः सारखा. ‘गेलं’ हे रूप दोन्हीकडे भूतकाळाचं दिसतं, पण पहिल्या वाक्यात पाणी अजून चढलेलं नाही. घडलं की घडायचं आहे हे मराठी शेवटच्या क्रियापदात सांगते. इंग्रजी थांबत नाही, सुरुवातीलाच सांगून टाकते. घडलेलं नसेल तर ‘इव्हन इफ’, घडून गेलं असेल तर ‘इव्हन दो’. ‘इव्हन इफ द वॉटर रीचेस 45 फीट, वी विल कीप द शॉप ओपन.’ ‘इव्हन दो द वॉटर रीच्ड 45 फीट, वी केप्ट द शॉप ओपन.’ मराठीतून विचार करणारा माणूस पहिल्या अर्ध्याशीच ‘तरी’ ऐकतो आणि ‘इव्हन दो’ लिहून बसतो. उपाय सोपा आहे: वाक्य शेवटपर्यंत मनात म्हणावं, ‘ठेवू’ की ‘ठेवलं’ ते ऐकावं, आणि मग पहिला शब्द लिहावा.

‘तरीही’साठी आपण ‘इव्हन देन’ फार वापरतो. ‘इट वॉज रेनिंग. इव्हन देन ही केम.’ समजतं सगळ्यांना, पण इंग्रजी कानाला ‘ही स्टिल केम’ जास्त सहज वाटतं. ‘स्टिल’ क्रियापदाच्या आधी घालून बघा, वाक्य लगेच बसतं.

‘असूनही’चं इंग्रजी ‘डिस्पाइट’ किंवा ‘इन स्पाइट ऑफ’. ‘ऑफ’ दुसऱ्यात आहे, पहिल्यात नाही; ‘डिस्पाइट ऑफ’ हे दोघांचं कलम आहे आणि ते लावू नये. दोन्हींच्या पुढे पूर्ण वाक्य येत नाही, नाम येतं किंवा ‘इंग’चं रूप. ‘पाऊस असूनही काकू मंडईत गेल्या’ म्हणजे ‘डिस्पाइट द रेन’. ‘दमलेली असूनही तिने साताऱ्याची एसटी पकडली’ म्हणजे ‘डिस्पाइट बीइंग टायर्ड, शी टुक द बस टू सातारा.’ इथवर ठीक. आता हे वाक्य: मुलगा आजारी असूनही आईला कामावर जावं लागलं. कुणी सरळ ‘डिस्पाइट बीइंग इल, द मदर हॅड टू गो टू वर्क’ असं लिहिलं, तर इंग्रजीत आईच आजारी पडते. मराठीतलं ‘असूनही’ सैल आहे, दुसऱ्याचा आजारही सामावून घेतं. इंग्रजीतलं ‘बीइंग’ मात्र मुख्य वाक्याच्या कर्त्यालाच जाऊन चिकटतं. कर्ते दोन असतील तर ‘डिस्पाइट’चा नाद सोडावा आणि ‘ऑल्दो हर सन वॉज इल’ असं उघड सांगावं.

‘हाऊएव्हर’ हा आपल्याकडचा सर्वांत लाडका शब्द. ‘बट’पेक्षा भारदस्त वाटतो म्हणून तो ‘बट’च्याच जागी ठोकला जातो: आधी स्वल्पविराम, मग ‘हाऊएव्हर’, मग पुढचं वाक्य. तिथेच चुकतं. ‘हाऊएव्हर’ वाक्यं जोडत नाही. त्याच्या आधी पूर्णविराम किंवा अर्धविराम लागतो आणि त्याच्यानंतर स्वल्पविराम. त्याची जात ‘पण’ची नाही, ‘मात्र’ची आहे, आणि हे एकदा लक्षात आलं की पुष्कळ गोष्टी आपोआप सुटतात. ‘मात्र’ आपण कुठे ठेवतो? ज्याच्याशी फरक दाखवायचा त्या शब्दाच्या लगेच मागे. 1949 मध्ये जुन्या सातारा जिल्ह्याचे दोन भाग झाले, उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा. 1960 मध्ये दक्षिण साताऱ्याचं नाव सांगली झालं. उत्तर सातारा मात्र पुन्हा नुसता सातारा झाला. इंग्रजीत: ‘साउथ सातारा वॉज रिनेम्ड सांगली. नॉर्थ सातारा, हाऊएव्हर, सिम्प्ली बिकेम सातारा अगेन.’ दोन स्वल्पविरामांमध्ये बसलेला हा ‘हाऊएव्हर’ तंतोतंत आपल्या ‘मात्र’च्या जागी आहे. वाक्याच्या सुरुवातीचा ‘हाऊएव्हर’ सगळ्या मागच्या बोलण्याला वळण देतो; मधला एकट्या उत्तर साताऱ्याकडे बोट दाखवतो. चांगल्या इंग्रजी गद्यात हा मधला वारंवार भेटतो, आपल्या निबंधांत जवळजवळ कधीच नाही. पण तो लिखाणातलाच. एसटी स्टँडवर उभं राहून कुणी ‘हाऊएव्हर’ म्हणत नाही.

बोलण्यात ते काम ‘दो’ करतो, तोही वाक्याच्या अगदी शेवटी. ‘बस उशिरा आली. चहा मात्र झकास होता.’ ‘द बस वॉज लेट. द टी वॉज ग्रेट, दो.’ आपल्याकडे ‘दो’ची ओळख ‘ऑल्दो’चा धाकटा भाऊ म्हणून करून देतात, म्हणून शेवटी आलेला ‘दो’ मुलांना वाक्य अर्धवट सुटल्यासारखा वाटतो. इंग्रजी मालिका किंवा क्रिकेटचं समालोचन कान देऊन ऐकलं तर तो सतत ऐकू येतो. बोलीभाषा सहज वाटावी यासाठी एकच शब्द शिकवायचा झाला तर मी हा शिकवेन.

‘ऑन द काँट्ररी’ आणि ‘ऑन दि अदर हँड’ यांची अदलाबदल ही तिसऱ्या जातीची भानगड. दोन्हींना आपण ‘उलट’ म्हणतो. पण ‘उलट’चे मराठीतही दोन उपयोग आहेत. टेंभू योजनेचं पाणी आपसूक वाहत येत नाही. उलट, ते पंपांनी टप्प्याटप्प्याने वर उपसावं लागतं, तेव्हा कुठे आटपाडीकडे पोचतं. इथे आधीची समजूत खोडली आहे, म्हणून ‘ऑन द काँट्ररी’. याउलट महाबळेश्वरला पाऊस आणि माणमध्ये दुष्काळ, इथे कुणाचंच म्हणणं खोडलेलं नाही, फक्त दुसरी बाजू मांडली आहे. तिथे ‘ऑन दि अदर हँड’, किंवा खरं म्हणजे साधा ‘व्हाइल’. ओळखायची खूण अशी: आधीच्या वाक्यात ‘नाही’ असेल, किंवा कुणी विचारलेल्या प्रश्नाला ‘नाही’ असं उत्तर असेल, तरच ‘ऑन द काँट्ररी’कडे वळावं.

सराव करायचा तर व्याकरणाच्या पुस्तकापेक्षा सातारा-सांगलीच्या आवृत्तीतली बातमी बरी. बातमीत ‘तर’, ‘मात्र’, ‘असले तरी’, ‘असूनही’ यांची रेलचेल असते. दोन रकान्यांत आठवड्याचा अभ्यास निघतो. शब्दाखाली रेघ मारावी, फरक की अपेक्षाभंग की दुरुस्ती ते समासात लिहावं, मग इंग्रजी करावं. पहिलीपासून इंग्रजी हा निर्णय 2000 मध्ये, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना झाला. त्याआधी पाचवीत एबीसीडी गिरवलेली पिढी तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर वाढली होती. मराठी वाक्य समोर ठेवून इंग्रजी करायची ती पद्धत आता मागासलेली समजतात. नव्या पद्धतीत मुलं लवकर बोलू लागतात हे खरं. या एका बाबतीत मात्र मला तर्खडकरी वाट जास्त भरवशाची वाटते, कारण दोन भाषा समोरासमोर ठेवल्याशिवाय ‘तर’ आणि ‘तरी’मधला फरक डोळ्यांत भरत नाही.

एक शेवटचा प्रकार राहिला: जोडशब्द मुळीच न घालणं. धरण उशाला, कोरड घशाला. ना ‘पण’, ना ‘तरी’, आणि विरोध इतका लख्ख. आपल्या म्हणी हे सतत करतात. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. इंग्रजीत ते अर्धविरामाने होतं: ‘द डॅम इज नेक्स्ट डोअर; अवर टॅप्स आर ड्राय.’ दोन्ही तुकडे आखूड आणि एकाच घाटाचे असले तरच हे जमतं. मोर्चाच्या फलकावर किंवा बातमीच्या मथळ्यात हे वाक्य फर्मास. पण कोयनाकाठच्या एखाद्या गावाला तेच गाऱ्हाणं अर्जात लिहून तहसील कचेरीत द्यायचं असेल, तर ‘ऑल्दो अवर व्हिलेज इज नेक्स्ट टू द डॅम, वी गेट नो ड्रिंकिंग वॉटर’ असंच लिहावं. नुसता अर्धविराम घातला तर धरण आणि पाणी एकाच वजनाचे दिसतील. धरण हाताखाली गेलं पाहिजे आणि पाणी वर आलं पाहिजे, म्हणजे अर्ज कशासाठी आहे ते वाचणाऱ्याला पहिल्या ओळीत कळेल.